मॅप्स, एसमॅप्स आणि पीमॅप: मेमरीच्या सातबाऱ्यावर किती विसंबावं?

लिनक्सवर चालणाऱ्या प्रोसेसला मेमरीच्या कुठल्या तुकड्यात वाचायचा, लिहायचा किंवा कोड चालवायचा हक्क आहे हे बघायचं असेल, तर तीन गोष्टी हाताशी असतात. एक, /प्रॉक/पीआयडी/मॅप्स ही फाइल (पीआयडी म्हणजे प्रोसेसचा क्रमांक). ती डिस्कवर कुठेच नसते, वाचायला घेतली की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिथल्या तिथे मजकूर तयार करून देतो. दुसरी तिचीच थोरली बहीण एसमॅप्स. आणि तिसरा पीमॅप, जो या दोघींचं वाचून तक्ता मांडतो. तिन्ही फुकट. पहिल्या दोन कर्नलसोबत येतात, पीमॅप प्रॉक्प्स-एनजी या पॅकेजमध्ये असतो. कंटेनरच्या ‘स्लिम’ इमेजमध्ये हे पॅकेज बऱ्याचदा काढून टाकलेलं असतं, पण /प्रॉक मात्र असतंच. त्यामुळे मॅप्स डोळ्यांनी वाचायची सवय ठेवलेली बरी.

निकाल आधीच सांगून टाकतो. मॅप्स: उत्कृष्ट, पण ती जे सांगते त्याचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात. एसमॅप्स: जड, पण तिची शेवटची ‘व्हीएमफ्लॅग्ज’ ही ओळ या सगळ्या संचातली सगळ्यात कामाची, आणि नेमकी तीच कुणी वाचत नाही. पीमॅप: कुठलाही पर्याय न देता चालवू नका.

एका ओळीत काय काय असतं

मॅप्समधल्या प्रत्येक ओळीत सहा रकाने: पत्त्याची सुरुवात आणि शेवट, चार अक्षरांच्या परवानग्या, फाइलमधला ऑफसेट, डिव्हाइस क्रमांक, आयनोड आणि नाव. चार अक्षरांत आर म्हणजे वाचणं, डब्ल्यू म्हणजे लिहिणं, एक्स म्हणजे चालवणं. हक्क नसेल तिथे आडवी रेघ. चौथ्या जागी रेघ कधीच येत नाही, तिथे पी किंवा एस असतो.

एक छोटासा सी प्रोग्रॅम घ्या, जीडीबी या डिबगरमध्ये चालवा आणि त्याचा मॅप्स बघा. एक्स८६-६४ वर साधारण हे दिसतं (डिव्हाइस, आयनोड आणि नाव गाळलंय):

५५५५५५५५४०००-५५५५५५५५५००० आर--पी ००००००००
५५५५५५५५५०००-५५५५५५५५६००० आर-एक्सपी ००००१०००
५५५५५५५५६०००-५५५५५५५५७००० आर--पी ००००२०००
५५५५५५५५७०००-५५५५५५५५८००० आर--पी ००००२०००
५५५५५५५५८०००-५५५५५५५५९००० आरडब्ल्यू-पी ००००३०००

पाचाच्या एवढ्या रांगेचं कारण गमतीदार आहे. जीडीबी प्रोग्रॅम दर वेळी वेगळ्या पत्त्यावर बसवण्याची उलथापालथ बंद ठेवतो, आणि तशा वेळी कर्नल असा प्रोग्रॅम युजरच्या पत्त्यांच्या बरोबर दोन तृतीयांश उंचीवर बसवतो. सोळाच्या पाढ्यात (हेक्साडेसिमलमध्ये) दोन तृतीयांश काढले की पाचच पाच येतात.

पहिली ओळ ईएलएफचं (लिनक्सच्या प्रोग्रॅम-फाइलच्या साच्याचं) हेडर, दुसरी कोड, तिसरी बदलत नाहीत अशा स्थिरांकांची, चौथी रेलरो (सुरुवातीला पत्ते भरून मग लिहायला बंद होणारा डेटा), पाचवी बदलता येणाऱ्या डेटाची. चौथ्या ओळीचा ऑफसेट तिसरीचाच आहे, म्हणजे फाइलचं एकच पेज दोनदा मॅप झालंय. ती चूक नव्हे. फाइलमध्ये स्थिरांक संपून डेटा सुरू होतो तो एकाच ४ केबीच्या पेजमध्ये, आणि परवानगी पेजपेक्षा लहान तुकड्याला देता येत नाही. म्हणून लिंकर (तुकडे जोडून बायनरी बांधणारा) तेच पेज दोन पत्त्यांवर, दोन वेगळ्या हक्कांनी बसवायला सांगतो. ही चौथी ओळही जन्मतः आर--पी नसते. प्रोग्रॅम मेमरीत बसवणारा लोडर आधी तिथे पत्ते दुरुस्त करून लिहितो आणि मग एमप्रोटेक्ट (परवानगी बदलणारा कॉल) करून लिहिण्याचा हक्क काढून घेतो. प्रोग्रॅम रेलरोशिवाय लिंक केला असेल, तर ही ओळ पाचवीतच मिसळलेली दिसते. बायनरी नीट बांधली आहे की नाही हे तपासायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

जुन्या मशीनवर पाचाऐवजी तीनच ओळी दिसल्या तर गोंधळू नका. कोड आणि स्थिरांक वेगळ्या पेजवर ठेवण्याची पद्धत एक्स८६ लिनक्ससाठी २०१८ च्या बिनयुटिल्स (लिंकर ज्यात येतो तो संच) २.३१ पासून आपोआप लागू झाली. त्याआधी हेडर आणि स्थिरांकही एक्सच्याच ओळीत राहत. त्याच काळातल्या लायब्रऱ्यांत कोड आणि डेटाच्या मध्ये ---पी अशी २०४४ केबीची ओळ असे, आणि ‘प्रत्येक लायब्ररी दोन एमबी खाते’ अशी ओरड व्हायची. ती मेमरी नव्हती, नुसती अडवून ठेवलेली पत्त्यांची जागा होती.

पी म्हणजे खाजगी, पण कशाच्या अर्थाने?

या अक्षराने जितका घोळ घातलाय तितका दुसऱ्या कशाने नाही. लिबसी या सी च्या मूळ लायब्ररीच्या कोडची ओळ आर-एक्सपी असते. म्हणून प्रत्येक प्रोसेसकडे लिबसीची स्वतंत्र प्रत आहे असं समजणारे बरेच भेटतात. पी चा अर्थ एवढाच: तुम्ही लिहिलंत तर ते मूळ फाइलपर्यंत जाणार नाही, त्या पेजची तुमच्यापुरती प्रत निघेल. लिहिलंच नाही, तर सगळ्या प्रोसेस रॅममधलं तेच पेज वापरतात. म्हणूनच केवळ वाचण्यासाठी उघडलेल्या फाइलवर आरडब्ल्यू-पी मॅपिंग मिळतं, पण तीच फाइल एस करून लिहिण्याच्या हक्कासह मागितली की एममॅप (मॅपिंग मागणारा कॉल) ईॲक्सेस, म्हणजे ‘परवानगी नाही’ हा एरर, देऊन परत पाठवतो.

एस चं तर आणखी एक गुपित आहे. कर्नलच्या आत ‘व्हीएम_शेअर्ड’ आणि ‘व्हीएम_मेशेअर’ असे दोन वेगळे बिट असतात. नुसत्या वाचण्यासाठी उघडलेली फाइल शेअर्ड म्हणून मॅप केली की कर्नल शेअर्डचा बिट काढून टाकतो, कारण लिहिताच येत नसेल तर कर्नलच्या दृष्टीने ते खाजगीच. मॅप्स मात्र एस की पी हे मेशेअर बघून ठरवते. म्हणजे प्रोसेसने जे मागितलं ते छापलं जातं, आत जे ठरलं ते नाही. एसमॅप्समध्ये हा फरक उघडा पडतो: अशा ओळीखाली एमएस ही खूण असते, एसएच नसते.

मागितलेला हक्क आणि अमलात असलेला हक्क

सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि जमीन कसतो दुसराच, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. मॅप्सचंही तसंच. ती व्हीएमए या कर्नलच्या नोंदवहीतला (प्रत्येक मॅपिंगची एक नोंद) हक्क छापते. प्रत्यक्ष अडवणूक करतं ते पेज टेबल (कुठला पत्ता रॅममध्ये कुठे, याची प्रोसेसर वाचतो ती यादी) आणि प्रोसेसरचं हार्डवेअर. दोन्ही बहुतेक वेळा जुळतात. जुळत नाहीत तिथेच दिवस वाया जातो.

सोपं उदाहरण एक्स८६ चं. एममॅपला फक्त लिहिण्याचा हक्क मागा. मॅप्समध्ये -डब्ल्यू-पी अशी ओळ येईल, आणि तरीही ते पेज खुशाल वाचता येईल. एक्स८६ च्या पेज टेबलात ‘वाचू नको’ असा वेगळा बिटच नाही. पेज हजर असेल तर ते वाचता येतं. --एक्सपी चंही तेच, म्हणजे नुसतं चालवण्याचा हक्क असलेलं पेज वाचताही येतं. अपवाद प्रोटेक्शन की असलेल्या प्रोसेसरचा. तिथे कर्नल स्वतःहून एक की त्या पेजांना लावून वाचणं खरोखर बंद करतो, आणि एसमॅप्सच्या ‘प्रोटेक्शनकी’ या ओळीत शून्याऐवजी दुसरा आकडा दिसतो. या किल्ल्या एकूण १६, कारण पेज टेबलच्या नोंदीत त्यांच्यासाठी चारच बिट आहेत. कुठल्या किल्लीला काय करता येईल हे पीकेआरयू या रजिस्टरमध्ये असतं आणि ते रजिस्टर प्रत्येक थ्रेडचं वेगळं. म्हणजे एकच ओळ एका थ्रेडला लिहू देईल आणि शेजारच्याला वाचूही देणार नाही, आणि मॅप्स दोघांनाही आरडब्ल्यू-पी सांगेल. त्यात मॅप्सचा दोष काढता येत नाही. ती प्रोसेसची नोंद आहे, थ्रेडची नव्हे.

उलट दिशेची फसवणूकही आहे. जुन्या ३२ बिटच्या, पीएई (विस्तारित पत्ते) नसलेल्या कर्नलवर ‘चालवू नको’ सांगणारा बिट नव्हता. तिथली आर--पी ही ओळ प्रत्यक्षात चालवताही येई.

अलीकडची भर म्हणजे ६.१३ कर्नलमध्ये आलेली एमॲडव्हाइज या कॉलची गार्ड पेजं (शिवलं की प्रोसेसला अडवणारी). पूर्वी थ्रेडच्या स्टॅकच्या टोकाला ---पी अशी ४ केबीची वेगळी ओळ दिसायची आणि तिच्यावरून ‘इथून पुढे थ्रेडचा स्टॅक’ हे ओळखता यायचं. नव्या पद्धतीत गार्ड फक्त पेज टेबलात असतं, वेगळा व्हीएमए तयार होत नाही. कर्नलच्या दृष्टीने हे स्वस्त. पण मॅप्स बघणाऱ्याला सलग आरडब्ल्यू-पी दिसतं आणि त्याच्या मधोमध प्रोसेस सेगफॉल्ट होऊन मरते. जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची नेहमीची लिबसी, हीही थ्रेडच्या स्टॅकसाठी याच मार्गाला लागली आहे, म्हणून ‘ओळ आरडब्ल्यू आहे म्हणजे लिहिता येणारच’ हे गृहीतक आता सोडून द्यावं लागेल. मुख्य स्टॅकच्या खाली कर्नल जी २५६ पेजांची, म्हणजे १ एमबीची मोकळी फट राखतो, तीही मॅप्समध्ये दिसत नाही. स्टॅक दुसऱ्या मेमरीवर चढवून हल्ला करता येण्याच्या २०१७ च्या स्टॅक क्लॅश प्रकरणानंतर ती एवढी मोठी झाली.

आणि हे करून बघण्यासारखं: जीडीबीने एखाद्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावा, प्रोग्रॅम तिथे थांबला की एसमॅप्समधली कोडची ओळ पाहा. परवानगी आर-एक्सपी, आधी होती तीच. पण तिच्याखाली ‘प्रायव्हेट_डर्टी’ आणि ‘ॲनॉनिमस’ हे दोन आकडे ० वरून ४ केबी झालेले असतात. डिबगरने एकच बाइट बदलला, त्यासाठी कर्नलने अख्ख्या पेजची प्रत काढली, आणि लिहिण्याचा हक्क नसलेल्या ठिकाणी हे सगळं परवानगीचं एक अक्षरही न हलवता घडलं. डिबगरचं लिहिणं जबरदस्तीच्या मार्गाने जातं. तिथे व्हीएमएचा डब्ल्यू विचारला जात नाही. ६.१२ पासून ‘प्रॉक_मेम.फोर्स_ओव्हरराइड’ हा बूटच्या वेळचा पर्याय /प्रॉक/पीआयडी/मेम मधून होणारी ही जबरदस्ती आवरू शकतो. कोडच्या ओळीत ‘ॲनॉनिमस’ शून्य नसेल, तर कुणीतरी कोड बदललाय: डिबगर, यूप्रोब (कर्नलची ट्रेसिंगची सोय), चालू प्रोसेसला लावलेला पॅच, किंवा कोडमध्येच पत्ते दुरुस्त करायला लावणारी जुनाट लायब्ररी. नुसत्या मॅप्सवरून हे कधीच कळलं नसतं.

व्हीएमफ्लॅग्ज: ‘इतर हक्क’ हा रकाना

एसमॅप्समध्ये प्रत्येक मॅपिंगच्या शेवटी ३.८ कर्नलपासून ही ओळ येते. दोन-दोन अक्षरांच्या खुणा. आरडी, डब्ल्यूआर, ईएक्स आणि एसएच हे आजचे हक्क. एमआर, एमडब्ल्यू, एमई आणि एमएस हे उद्या मागितले तर मिळू शकणारे. कर्नलच्या आत हे ‘मे’ बिट आजच्या बिटांच्या बरोबर चार जागा डावीकडे बसवलेत, त्यामुळे एमप्रोटेक्टची तपासणी एका झटक्यात होते: नव्याने मागितलेले बिट घ्यायचे, त्यांना चार घरं सरकवून ‘मे’ बिटांशी ताडायचं, एकही जास्त निघाला तर ईॲक्सेस.

याचा व्यवहारात उपयोग? ‘एमप्रोटेक्ट ईॲक्सेस का देतोय’ या प्रश्नाचं उत्तर दहातल्या आठ वेळा इथेच सापडतं. मॅपिंग शेअर्ड असून ओळीत एमडब्ल्यू नसेल तर फाइल नुसत्या वाचण्यासाठी उघडली होती. ओपनचे फ्लॅग बदला, एमप्रोटेक्टशी भांडू नका. एमई नसेल तर फाइल नोएक्झेक (‘इथलं काही चालवू नको’) लावलेल्या माउंटवर आहे. /टीएमपी नोएक्झेक करून ठेवलेल्या सर्व्हरवर हे हमखास घडतं, आणि एरर दोन ठिकाणी दोन वेगळे येतात म्हणून माणूस चक्रावतो: एममॅप करतानाच एक्स मागितला तर ईपर्म, आधी आर घेऊन नंतर एमप्रोटेक्टने एक्स मागितला तर ईॲक्सेस. कारण एकच.

‘मे’ आहे म्हणून हक्क मिळेलच असंही नाही. ६.३ मध्ये आलेली एमडीडब्ल्यूई ही प्रोसेसपुरती बंदी एक्स नसलेल्या पेजला एक्स मिळूच देत नाही, तरी ओळीत एमई तसंच राहतं. एसईलिनक्स या सुरक्षा-व्यवस्थेचंही तसंच, त्याचा नकार ऑडिट लॉगमध्ये एक्झेकमेम, एक्झेकमॉड, एक्झेकहीप, एक्झेकस्टॅक अशा नावांनी शोधावा लागतो. आणि खाजगी मॅपिंगला आर वरून आरडब्ल्यू केलं तर ते कमिटच्या, म्हणजे कबूल केलेल्या मेमरीच्या, हिशेबात धरलं जातं (खूण एसी), त्यामुळे ओव्हरकमिट कडक असलेल्या मशीनवर एमप्रोटेक्ट ईनोमेम देऊ शकतो. परवानगीच्या कॉलला ‘मेमरी नाही’ हे उत्तर पहिल्यांदा पाहिलं की डोकं गरगरतं.

बाकीच्या खुणांपैकी रोज लागणाऱ्या थोड्याच. डीडी म्हणजे कोअर डंपमध्ये (प्रोसेस कोसळल्यावर तिच्या मेमरीची निघणारी फाइल) हा भाग घेऊ नको. डीसी म्हणजे फोर्क करताना (प्रोसेसची प्रत काढताना) मुलाला देऊ नको. जीडी म्हणजे खाली वाढणारा स्टॅक. एलओ म्हणजे रॅममध्ये खिळवलेलं. नव्या कर्नलवर एसएल दिसली तर ते मॅपिंग एमसीलने मोहोरबंद केलंय, परवानगी बदलायला जाल तर नकारच मिळेल; तो कॉल ६.१० मध्ये आला. एसएस म्हणजे शॅडो स्टॅक (परतीच्या पत्त्यांची वेगळी, जपलेली प्रत). पूर्ण यादी कर्नलच्या दस्तऐवजांत प्रॉक.आरएसटी या फाइलमध्ये आहे.

पीमॅपचं काय चुकतं

पर्याय न देता चालवलेला पीमॅप सुबक दिसतो आणि माहिती गाळतो. परवानग्यांचा रकाना पाच अक्षरांचा, हा सोलॅरिसचा वारसा. चौथ्या जागी शेअर्ड असेल तर एस, नसेल तर रेघ. पाचवी जागा सोलॅरिसमध्ये स्वॅप राखून न ठेवल्याची खूण असे. लिनक्सच्या पीमॅपमध्ये तिथे कायम रेघच छापली जाते. म्हणजे एक अक्षर निव्वळ शोभेचं. हीपचं नावही जातं, त्याजागी नुसतं ‘ॲनॉन’. फाइलचा पूर्ण मार्ग हवा तर -पी द्यावा लागतो, नाहीतर दोन वेगळ्या फोल्डरमधल्या एकाच नावाच्या लायब्रऱ्या वेगळ्या ओळखताच येत नाहीत.

मोठ्या दोन एक्स दिले (-एक्सएक्स) की मात्र पीमॅप कर्नल देईल ते सगळं मांडतो, व्हीएमफ्लॅग्जसकट. ओळी इतक्या लांब होतात की लेस -एस शिवाय वाचवत नाहीत, पण माहिती खरी. लहान एक्स (-एक्स) आरएसएस (प्रत्यक्ष रॅममधला भाग) आणि डर्टी (बदललेला भाग) दाखवतो, आणि एका बाबतीत तो मॅप्सपेक्षा सरस आहे: ज्या ओळींना हक्कच नाही त्यांचा आकार आणि वापर शेजारी-शेजारी दिसतो. अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये १३२ केबीची आरडब्ल्यू--- आणि तिला चिकटून ६५४०४ केबीची ----- अशी जोडी पुन्हा पुन्हा येते. बेरीज करा, बरोबर ६५५३६ केबी, म्हणजे ६४ एमबी. हे जीलिबसीच्या मॅलॉकचे अरेना (मेमरी वाटपाचे साठे). दुसऱ्या ओळीचा आरएसएस शून्य असतो. टॉपमधला ‘व्हर्ट’चा (एकूण पत्त्यांच्या जागेचा) आकडा बघून गळतीची तक्रार नोंदवण्याआधी ही जोडी मोजून घ्यावी.

सेगफॉल्ट आला की

डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) ‘सेगफॉल्ट ॲट’ पुढे पत्ता आणि शेवटी ‘एरर’ पुढे एक आकडा असतो. तो सोळाच्या पाढ्यातला. ४ म्हणजे युजरने वाचायला घेतलं आणि पेज हजर नव्हतं, ६ म्हणजे लिहायला घेतलं आणि पेज हजर नव्हतं, ७ म्हणजे पेज हजर होतं पण लिहायची मनाई होती, १५ म्हणजे पेज हजर होतं पण चालवायची मनाई होती. इथे एक खाच आहे: हा आकडा पेज टेबलची हकीकत सांगतो, व्हीएमएची नाही. आर--पी ओळीतल्या, अजून एकदाही न शिवलेल्या पेजवर लिहिलं तरी ६ येतो, आणि वाचणारा ‘पत्ताच चुकीचा’ समजून भलतीकडे शोधत बसतो. व्हीएमए होता की नव्हता हे सिग्नलसोबतच्या कोडमध्ये असतं: १ म्हणजे तिथे मॅपिंगच नाही, २ म्हणजे मॅपिंग आहे पण हक्क नाही, ४ म्हणजे प्रोटेक्शन कीने अडवलं.

प्रोसेस मेली की मॅप्सही गेली. कोअर फाइल असेल तर रीडएल्फ -एल चालवा. लोड सेगमेंटच्या फ्लॅगमध्ये आर, डब्ल्यू आणि ई सापडतात. पी की एस, ते मात्र कोअरमध्ये उरत नाही. म्हणून बिघाड पुन्हा घडवता येत असेल तर मरण्याआधीच मॅप्सची एक प्रत काढून ठेवावी.

आरडब्ल्यूएक्सपी शोधताना

सुरक्षेसाठी मॅप्स वापरणारे पहिली ग्रेप हीच करतात, आणि करावीच. लिहिता येतं आणि चालवताही येतं असं पेज म्हणजे हल्लेखोराला उघडं दार. पण सापडलेली प्रत्येक ओळ गुन्हेगार नसते. जावाच्या हॉटस्पॉटचा कोड कॅशे एक्स८६ लिनक्सवर असाच दिसतो. नाव नसलेली, जेआयटी (चालता चालता कोड तयार करणं) नसलेल्या प्रोग्रॅममधली अशी ओळ मात्र सोडू नका. ‘स्टॅक’ असं नाव असलेली ओळ आरडब्ल्यूएक्सपी असेल तर कारण बहुधा असेंब्लीत लिहिलेल्या एखाद्या ऑब्जेक्टमध्ये असतं, ज्यात ‘मला चालणारा स्टॅक नको’ असं सांगणारी जीएनयू-स्टॅकची नोंदच नाही. एका ऑब्जेक्टमुळे अख्ख्या प्रोसेसचा स्टॅक ‘चालता’ होतो, म्हणजे त्यावर कोड चालवता येतो. बिनयुटिल्स २.३९ पासून लिंकर याबद्दल इशारा देतो. जीलिबसी २.४१ ने तर, चालता स्टॅक मागणारी लायब्ररी चालू प्रोग्रॅममध्ये डीएलओपनने उघडायला साफ नकार दिला. जुनी प्लगइनं एका अपग्रेडमध्ये बंद पडतात ती यामुळे. लायब्ररी पुन्हा बांधा, तात्पुरत्या उपायांच्या मागे लागू नका.

नुसत्या ग्रेपचा भोळेपणाही ध्यानात ठेवावा. आधी आरडब्ल्यू-पी मध्ये लिहून मग एमप्रोटेक्टने आर-एक्सपी करणाऱ्याची ओळ कुठल्याही क्षणी निष्पाप दिसते. तिथे पुन्हा तोच ‘ॲनॉनिमस’ आकडा आणि नाव नसलेली एक्सची ओळ हेच धागे.

भरवसा आणि वेग

मॅप्स एका दमात वाचली जात नाही. एका रीड कॉलमध्ये साधारण एका पेजएवढा मजकूर मिळतो आणि दोन कॉलच्या मध्ये प्रोसेस आपली मांडणी बदलू शकते. कर्नल हमी देतो ती इतकीच: पत्ते मागे येणार नाहीत, आणि संपूर्ण वाचनभर जागेवर असलेलं मॅपिंग गाळलं जाणार नाही. एकच प्रत पाहिजे तर प्रोसेसला सिगस्टॉप देऊन, म्हणजे थांबवून, वाचा. प्रोग्रॅममधून वाचणाऱ्यांसाठी ६.११ मध्ये ‘प्रॉकमॅप_क्वेरी’ हा आयऑक्टल (कर्नलला थेट विचारण्याचा कॉल) आला. पत्ता द्या, त्याचा व्हीएमए आणि परवानग्यांचे बिट आकड्यांत घ्या. दर सेकंदाला हजारो ओळींचा मजकूर फोडत बसणाऱ्या प्रोफायलरनी तिकडे वळावं.

मजकूर फोडायचाच असेल तर शेवटच्या रकान्याला जपा. नावात मोकळ्या जागा असू शकतात. नवी ओळ असेल तर ती \०१२ अशी येते. पुसलेल्या फाइलच्या नावापुढे ‘डिलीटेड’ हा शब्द कंसात जोडला जातो, आणि कुणी खरोखरच फाइलला तसं नाव दिलं असेल तर दोन्ही वेगळे ओळखायची सोय नाही. शेअर्ड आणि ॲनॉनिमस मॅपिंग ‘/डेव्ह/झीरो’ पुढे ‘डिलीटेड’ असं दिसतं; कुणी काही पुसलेलं नसतं.

मॅप्स वाचणं स्वस्त आहे. एसमॅप्स प्रत्येक ओळीसाठी पेज टेबल चालून मोजते. शेकडो जीबीच्या डेटाबेसवर ती दर पाच सेकंदांनी वाचणारं मॉनिटरिंग लावलं की त्या प्रोसेसचे एममॅप आणि एमप्रोटेक्ट मध्येच ताटकळतात. परवानग्याच हव्या असतील तर मॅप्स पुरे. नुसती बेरीज हवी असेल तर ४.१४ पासूनचा एसमॅप्स_रोलअप घ्या, पण त्यात परवानग्या नाहीत.

दुसऱ्याच्या प्रोसेसचा मॅप्स वाचायला पीट्रेस या डिबगरच्या कॉलचा ‘वाचण्याचा’ हक्क लागतो. यामा या सुरक्षा-मॉड्यूलचा पीट्रेस_स्कोप इथे आड येत नाही, तो जोडून घेण्याला अडवतो. आपलीच प्रोसेस असून नकार आला, तर ती सेटयूआयडी (फाइलच्या मालकाच्या हक्कांनी चालणारी) आहे किंवा तिने स्वतःला डंप न होण्याजोगी करून घेतलंय.

शेजारच्या दुकानांत

मॅकओएसचा व्हीएममॅप आजचा आणि कमाल हक्क एकाच ओळीत आर-एक्स/आरडब्ल्यूएक्स असा छापतो. लिनक्सने हे व्हीएमफ्लॅग्जच्या ओळीत पुरून ठेवलंय, आणि या बाबतीत मॅकची मांडणी निःसंशय चांगली. विंडोजमध्ये हक्क वेगवेगळ्या अक्षरांत न देता एकेक हेक्साडेसिमल आकडा असतो: ०४ म्हणजे वाचा-लिहा, २० म्हणजे वाचा-चालवा, ४० म्हणजे तिन्ही, आणि प्रत काढून लिहिण्यासाठी ०८ असा वेगळा आकडा. शिवाय जागा घेताना दिलेला मूळ हक्क आणि आत्ताचा हक्क हे दोन्ही व्हर्च्युअलक्वेरी सांगतं. लिनक्समध्ये मूळ हक्काची नोंद राहतच नाही. पाच वेळा एमप्रोटेक्ट झालेली ओळ आणि आजच जन्मलेली ओळ सारखीच दिसते.

एक खूण तेवढी राहते. मोठ्या मॅपिंगच्या मधल्या एका पेजचा हक्क बदलला की एका ओळीच्या तीन होतात. अशा तुकड्यांची संख्या ६५५३० या कर्नलच्या मूळ मर्यादेच्या (काही डिस्ट्रो ती वाढवून देतात) पुढे गेली की एममॅप आणि एमप्रोटेक्ट रॅम रिकामी असूनही ईनोमेम देतात. तेव्हा डब्ल्यूसी -एल ने मॅप्सच्या ओळी मोजा, आणि आकडा त्या मर्यादेला टेकला असेल तर व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट वाढवा. इलॅस्टिकसर्च सुरू करतानाच २६२१४४ मागतं ते याच मर्यादेसाठी.